स्टाइलशीटची शिकवणी

आजाराने सुमेधची बोटं लुळी पडली, तेव्हापासून फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून त्याचं ऑफिसचं काम त्याची बायको सुरुचीच करू लागली. तो शेजारून सांगायचा, ती टाइप करायची. पुस्तकांच्या मजकुरातून वेबपेज तयार करणारी ती एक्सएसएलटी स्टाइलशीट कशाशी खातात, हेही तिला ठाऊक नव्हतं.

"दर पुस्तकाला स्टाइलशीट बदलायची नसते गं. पुस्तकाचं नाव तेवढं दर वेळी बदलणारी माहिती, म्हणजे पॅरामीटर म्हणून बाहेरून पाठवायचं, बाकी ती बघते," तो न कंटाळता समजावायचा.

"तू सांगतोस तसं करतेय ना? मग मला कशाला शिकवत बसतोस?" ती वैतागायची.

तीन महिन्यांनी एका दुपारी तिने त्याला काही न विचारता अख्खं पुस्तक तयार केलं. सगळी पानं बिनचूक आली. सुमेधने एकेक पान बघून मान डोलावली.

"आता साहेबांना मेल लिही," तो म्हणाला.

ती खुशीतच टाइप करू लागली.

"मी राजीनामा देत आहे. गेले तीन महिने हे काम माझी पत्नी करते आहे. माझ्या जागी तिला घ्यावं, ही विनंती..."

सुरुची थांबली.

"लिही," तो जड होत चाललेल्या जिभेने अडखळत म्हणाला, "मला बोलता येतंय तोवर."