तारांची यादी

मोडी कागद वाचण्यात मुकुंदरावांची हयात गेली, पण गेले तीन महिने घरच्या कॉम्प्युटरवर त्यांना अक्षरं लागत नव्हती. मोडीत शब्द सुटे नसतात. पान मोठं केलं की ओळ तुटायची, लहान केलं की अक्षरं एकमेकांत विरघळायची. आपले डोळे चालले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि घरात कोणाला कळू दिलं नव्हतं.

कुंभकोणमच्या दुकानात सून सुप्रजानं ऑल-इन-वनवर, पडद्यातच सगळा कॉम्प्युटर असलेल्या यंत्रावर, हात ठेवला. "हेच घेऊ, मामंजी. तारांचा गुंता नको."

मुकुंदरावांनी पेनड्राइव्हवर आणलेलं मोडीचं पान दुकानदारानं त्यावर लावलं. अक्षरं तशीच विरघळलेली. मग तेच पान त्यानं शेजारच्या सुट्या, बारीक रेघही स्पष्ट दाखवणाऱ्या फोर-के मॉनिटरवर लावलं. मुकुंदराव पुढं वाकले आणि वाचत सुटले, "देवीचे नंदादीपास तूप रोज पावशेर पावत जावे…" ओळ संपली तरी थांबेनात.

"इदा, अदा?" हे की ते, दुकानदारानं तमिळमध्ये विचारलं.

सुप्रजानं पर्समधून डोळ्यांच्या डॉक्टरांची, मामंजींच्या नावानं घेतलेल्या उद्याच्या वेळेची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि तिच्यावर लागणाऱ्या तारांची यादी लिहायला घेतली.