अख्खा फुगा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गरम हवेच्या फुग्याची टोपली माळावर टेकली. चालकाने आधीच तीनदा बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत कुणीही उतरायचं नाही. वजन कमी झालं की फुगा पुन्हा वर जातो."

"जावईबापू, खाली उतरून माझा फोटो काढा," सासूबाई म्हणाल्या. "आणि अख्खा फुगा येऊ द्या. मागच्या फोटोत माझं डोकंच कापलंत."

"अहो, पण चालक नको म्हणालेत."

"चालक तुमची सासू आहे का?"

एकशे दहा किलोंचे जावईबापू मुकाट्याने उतरले.



फोटोत या वेळी अख्खा फुगा आला आहे. सासूबाई आणि चालक कुठे उतरले, ते दुपारपर्यंत समजलेलं नाही.