ट्रंकेवरचं गणित

"चिन्ह पुन्हा चुकलं, कॅडेट! हा गोळा आपल्याच छावणीवर पडला," अप्पा हसले. तोफखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या काळ्या लष्करी ट्रंकेचं झाकण हाच बापलेकीचा फळा होता. बारावीला तिला गणितात अडतीस मिळाले होते. सैनिकी अकादमीच्या परीक्षेतही ती गणितातच अडकली. आता वयात बसणारी एकच परीक्षा उरली होती.

"उद्या हेच पुन्हा," म्हणत त्यांनी तिचं उत्तर पुसलं, गणित तसंच ठेवलं.

तिनं खडू डबीत ठेवला. आई गेल्यापासून घरात दोघंच होती. एक गोष्ट ती रोज सांगायची ठरवायची; पण दोन वर्षं लपवल्यावर ती सांगायची सोय राहिली नव्हती.

सकाळी अप्पा उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर आत्या ओलं फडकं घेऊन आली. "ट्रंक पुसू का गं? खडूनं नुसती माखलीय."

"थांब." तिनं खडू उचलला आणि न अडखळता तीन ओळींत गणित सोडवलं, चिन्हासकट. झाकणावर रंगवलेल्या त्यांच्या नावाकडे बघत म्हणाली, "अप्पा, मला येत होतं. तुम्हाला एकटं टाकून जायचं नव्हतं."