खुणेचं पान

पाच महिन्यांच्या लेकीला घरी ठेवून ती पहिल्यांदाच दौऱ्यावर निघाली, तेव्हा लिफ्ट तपासायच्या अवजारांशेजारी तिनं अर्धवट राहिलेली कादंबरीही बॅगेत कोंबली.

"कामाला चाललीयस ना? मग पुस्तक कशाला?" सासूबाईंनी विचारलंच.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बॅग उघडली, तर कादंबरी गायब. तिचं डोकंच फिरलं. तावातावानं तिनं घरी फोन लावला.

"आई, माझं पुस्तक तुम्ही काढलंत?"

"हो, मीच. हळू बोल, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. रोज मांडीवर घेऊन तू तिला तेच मोठ्यानं वाचून दाखवतेस. दुसरं काही वाचलं की भोकाड पसरते बया. तुला सांगितलं असतं, तर तुझा पाय निघाला नसता घरातून."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

"मग आता बऱ्याच पुढे गेला असाल तुम्ही दोघी," ती कशीबशी म्हणाली.

"छे गं! तुझी खूण आहे तिथंच आहे. आम्ही मागचंच परत वाचतोय. पुढचं तू आल्यावर."