चार बोटं

रॉड छातीपासून चार बोटं वर आला आणि थांबला. राजकन्यानं दात आवळले. रॉड खाली आला, दोन्ही बाजूंच्या माणसांनी तो उचलून स्टँडवर ठेवला. समोर तीन लाल दिवे लागले. दुसरा प्रयत्नही गेला होता.

नांदेडच्या त्या हॉलमध्ये बेंच प्रेसची, म्हणजे बाकावर आडवं होऊन वजन वर ढकलण्याची, निवड चाचणी चालू होती. प्रत्येकीला तीनच संधी. सांगितलेलं वजन कमी करता येत नव्हतं, आणि तिन्ही वाया गेल्या तर नाव बाद. राजकन्यानं पंचावन्न किलो सांगितलं होतं. लातूरच्या जिममध्ये तेवढं तिनं दोनदा उचललं होतं, तेही रडतखडत. ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. रेणापूरहून निघताना आई म्हणाली होती, "ह्या बारीला निवड न्हाई झाली तर बस कर बाई आता."

बाकीच्या मुली उचलून होईपर्यंत दहा मिनिटं होती. तिला शिकवणारे नजीरसर पाण्याची बाटली घेऊन आले, तर राजकन्या मागच्या खोलीत भिंत ढकलत होती.

"काय करून राहिलीस?"

"सर, दोन्ही बारीला रॉड एकाच जागी कसा काय अडकला?"

"दम कमी पडला. दुसरं काय?"

"दम कमी असता, तर एकदा खाली, एकदा वर अडकला असता." तिनं हात लांब पसरून भिंतीला रेटा दिला. मग तळवे आत, खांद्यांच्या जवळ आणले आणि पुन्हा रेटलं. पुन्हा लांब. पुन्हा जवळ. "हितं जोर लागत न्हाई. हितं लागतो. बघा की, हात लांब टाकला की कोपर एकीकडं अन् मनगट दुसरीकडं जातंय."

नजीरसरांनी पाहिलं. रॉडवर दोन बाजूंना दोन गोल खुणा असतात. पहिलं बोट त्या खुणेवर, हा त्यांच्या जिमचा कायदा होता. राजकन्या जेमतेम पावणेपाच फूट होती. त्या खुणा गाठताना तिचे हात पंखासारखे पसरायचे.

"आता बदलायची वेळ नाही, बेटा," ते म्हणाले. "सवयीनंच उचल. खुणेवर बोट, आणि अल्लाचं नाव घे."

तिचं नाव पुकारलं गेलं.

ती बाकावर आडवी झाली. रॉड उचलून द्यायला नजीरसर डोक्याशी उभे राहिले. तिनं पहिलं बोट खुणेवर ठेवलं. मग एकदा वर, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि दोन्ही हात चार-चार बोटं आत सरकवले. नजीरसरांचे ओठ हलले. त्यांनी रॉड तिच्या हातात दिला.

रॉड छातीवर टेकला. पंचांनी "प्रेस!" म्हटलं. ज्या जागी तो दोनदा अडकला होता, तिथं क्षणभर रेंगाळला, आणि वर गेला. कोपर सरळ झाले. तीन पांढरे दिवे लागले.

निवडीच्या यादीत राजकन्याचं नाव आलं. टाळ्या संपल्यावर तिला धाकधूक वाटली. सर कुठं दिसेनात. ते मागच्या खोलीत होते, भिंतीला दोन्ही तळवे लावून. हात लांब नेत होते, जवळ आणत होते.

"सर, चिडलात काय?"

"नाही." त्यांनी हात खाली घेतले आणि तळव्यांकडं बघत राहिले. "माझे उस्ताद सव्वासहा फूट होते. खुणेवर बोट ठेवायला त्यांनी मला शिकवलं. मी तुम्हां सगळ्यांना शिकवलं. वीस वर्षं झाली."

"मग?"

"का ठेवायचं, ते मी त्यांना कधी विचारलंच नाही."