खुर्चीवरच्या शालनताई

नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात उभं राहून राहून शालनताईंचे गुडघे बोलू लागले, तेव्हा त्या सरळ टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या. खुर्चीच्या पाठीवर साहेबांचा टॉवेल होता. साहेब मात्र सकाळपासून कुणाच्या दृष्टीस पडले नव्हते. शालनताईंच्या गल्लीत आठवडाभर नळ कोरडे होते, त्याची तक्रार घेऊन त्या आल्या होत्या.

एवढ्यात एक म्हातारबाबा समोर येऊन हात जोडून उभे राहिले. "मॅडम, आमच्या नळाला गढूळ पाणी येतंय."

"बाबा, मी इथली नाही हो."

"मघापासून तिघांनी हेच सांगितलं," बाबा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी फुटलेल्या गटारापासून नातवाच्या जुलाबापर्यंत सगळी हकिगत ऐकवली. शिपायाने येऊन शालनताईंपुढे चहा ठेवला. बाबांच्या मागे आणखी माणसं उभी राहू लागली. शालनताई पुरत्या गांगरल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या."

बाबांनी मान डोलावली आणि ते निमूटपणे निघाले.

शालनताईंना स्वतःचीच लाज वाटली. चहा तसाच टाकून त्या लगबगीने जिन्यापाशी गेल्या. "बाबा, खरंच सांगते, मीसुद्धा तक्रार घेऊनच आलेय. आमच्याकडे तर पाणीच नाही."

बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मग उठलात कशाला? आत ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस होतं."