तीन रात्री

आमच्या लॉजचं पोट समोरच्या सचिवालयातल्या ‘उद्या या’वर चालायचं. राजधानीत फाईल घेऊन आलेल्या माणसाला विचारायचंच नाही, रजिस्टरात सरळ तीन रात्री लिहायच्या, ही सासूबाईंपासूनची रीत. पेन्शनवाले मास्तर तर अकरा वर्षं चार नंबरच्या खोलीत उतरत होते.

मग सचिवालयात नव्या अधिकारी बाई आल्या आणि फायली त्याच दिवशी हातावेगळ्या करू लागल्या. मास्तर सकाळी आले, दुपारी सही घेऊन हसत घरी गेले. महिन्याभरात लॉज ओस पडलं. मी त्या बाईंच्या नावानं बोटं मोडत बसले होते, तेवढ्यात मास्तर दारात उभे, सोबत बायको आणि दोन बॅगा.

“पुन्हा अडकली का फाईल?” मी आशेनं विचारलं.

“छे हो ताई. अकरा वर्षं या शहरात येतोय, पण सचिवालयाचा जिना सोडून काही पाहिलं नाही. हिला जुना राजवाडा दाखवायचाय. लिहा तीन रात्री.”

“कसा आहे हो राजवाडा?” त्यांच्या बायकोनं मला विचारलं.

मी रजिस्टर मिटलं.

“थांबा, चपला घालते. तीस वर्षं इथे राहतेय, पण मी तरी कुठे पाहिलाय?”